कुठला भाग

आठल्ये म्हणाले, कधीची असेल?
मी म्हणालो, कुठला भाग?

टॉवेलात गुंडाळून आणली होती त्यांनी,
दवाखान्यात मांजर आणतात तशी,
भवानी पेठेतल्या माझ्या दुकानात, जिथं सकाळपासून
तीन मिक्सरची पाती, शिंप्याच्या कात्र्या
आणि एका केटररचे अकरा सुरे रांगेत होते.
कट्यार रांगेत थांबत नसते,
असं त्यांचा चेहराच सांगत होता.
मी सुरे बाजूला सारले.

आधी मूठ धरून पाहिली.
तीन बोटं आत गेली, करंगळी बाहेर राहिली.
म्हणजे तो हात लहान होता,
किंवा तेव्हा सगळेच हात लहान होते.
दोन आडव्या दांड्या, मधे फुगीर, फणसाच्या आठळीसारख्या.
बाजूच्या पट्ट्यांवर कधीकाळी सोनं असावं:
खाचेत एक पिवळा कण, तोही भिंगातून.
मूठ दक्षिणेकडची वाटते.
वाटते, म्हणालो मी. आहे, असं नाही म्हणालो.

मग पातं. हिराकस पाण्यात कालवून
बोटभर जागेवर फासली आणि थांबलो.
जौहर असतं तर तळ्यावर वारा फिरल्यागत
काहीतरी उमटलं असतं.
नाही उमटलं. सरळ, एकजीव, परदेशी पोलाद.
आणि पात्यावरचे दोन्ही नळ टोकापाशी मिटत नव्हते,
तुटत होते,
बोलता बोलता कुणी बसमधून उतरून जावं तसे.
मुठीच्या कडेला तीन रोमन अक्षरं, चौथं अर्धं आत दबलेलं.
म्हणजे ही आधी लांब होती. फिरंग.
कुठंतरी मोडली. कुणीतरी मोडकीच उचलली,
टोक घासून काढलं, दुसऱ्याच कुणाची मूठ चढवली,
आणि तिला पुन्हा नोकरी लागली.

परदेशी? आठल्ये खुर्चीत चुळबुळले.
अहो, आमच्याकडे पाच पिढ्या आहे.
दसऱ्याला झेंडू वाहतो आम्ही हिला.
वाहा की, म्हणालो,
झेंडूसुद्धा बोटीनंच आलाय.

राहिले खिळे. चारांतले तीन लोखंडी, जाड, बसक्या डोक्याचे.
चौथा बारीक. दर दसऱ्याला तेल पिऊन चकचकीत,
आणि मागच्या बाजूला आट्यांचे दोन वेढे शिल्लक.
सायकलच्या चाकाची तार.
पट्टीखाली सुईनं उकरलं तर कागदावर पडली
राखाडी, मऊ, नदीची माती.

पाणी शिरलं होतं का हो घरात, एकसष्टला?
माळ्यापर्यंत! नारायण पेठेत होतो आम्ही.
तुम्हाला कसं कळलं?

मातीचं सांगितलं. बाकीचं नाही सांगितलं.
त्या तारेच्या डोक्यावर कानशीचे ओरखडे
उलट्या बाजूला कलले होते.
उजव्या हाताचे असे कलत नाहीत.
अब्बांचा जेवायचा हात उजवा, कामाचा डावा.
पुराच्या वर्षी म्हणे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती:
कुलुपं, अडकित्ते, शिलाई मशिनी, सगळ्यांच्या पोटात गाळ.
खिळ्यांना लोखंड मिळेना,
आणि सायकली गल्लोगल्ली मरून पडलेल्या.
मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

हा खिळा तेवढा बदला, आठल्ये म्हणाले, शोभत नाही.
जुना वाटेल असा घाला. हॉलमध्ये लावायचीय.
गुरुवारी या, म्हणालो.

गुरुवारपर्यंत मी एवढंच केलं:
तारेच्या डोक्यावर लिंबू पिळलं, वर मीठ,
रात्रभर ठेवलं, सकाळी पुसलं, पुन्हा लिंबू.
तिसऱ्या दिवशी ती बाकीच्या तिघांसारखी दिसू लागली.
ओरखडे तेवढे बुजू दिले नाहीत.

बदलला ना?
हो.
आता कशी एकसारखी दिसते, म्हणाले,
आणि टॉवेलात गुंडाळली.

दोनशे रुपये घेतले. पावती मागितली, दिली:
कट्यार एक. साफसफाई. खिळा एक.
धार लावली नाही,
गिऱ्हाईक नको म्हणालं.